कुंडीखालच्या चाव्या

३ जून, मंगळवार

आज दवाखान्यात सगळ्यांसमोर माझ्या पत्त्यांची वरात निघाली.

"हे ऐका," सुलामिता म्हणाली. ती आमची नर्स आणि आम्हा पाच आरोग्यसेविकांची मुख्य. माझा टॅब्लेट हातात धरून तिनं मोठ्यानं वाचलं, "'पावाच्या भट्टीपासून वर, चौतिसाव्या पायरीला डावीकडे, निळं दार. कुत्रा भुंकतो पण चावत नाही. आजोबांना दिसत नाही, चावी कोरफडीच्या कुंडीखाली. मुलगी पाचनंतर येते.' जेनिल्दा, हा पत्ता आहे की कादंबरी?"

"पत्ता आहे," मी म्हटलं. "तुम्ही घरांना नंबर द्या, मी नंबर लिहिते."

बाकीच्या चौघी खाली मान घालून हसल्या. नंबर कुठून देणार? नगरपालिकेनं दोनदा रंगवले, दोन्ही वेळा पावसानं धुऊन नेले. टेकडीवरची एकशे बेचाळीस घरं माझ्याकडे आहेत. बारा वर्षं मी ती कागदी वह्यांत लिहिली. दोन वर्षांपूर्वी वह्या कपाटात गेल्या आणि टॅब्लेट आला. हाताची लिहायची खोड काही गेली नाही, म्हणून ही वही.

उद्या मी आजारी पडले आणि बदली बाई आली, तर तिला निळ्या दाराचे ते आजोबा, सेउ आदेरबाल, सापडायला हवेत की नकोत? म्हणून मी सगळं लिहिते. कुणाच्या गोळ्या कुठल्या डब्यात, कुणाचा नवरा कधी घरी नसतो, कुणाच्या पोरीला काय झालं होतं आणि तिच्या बापाला ते का सांगायचं नाही. ही टेकडी माझ्याइतकी कुणालाच ठाऊक नाही. बाहेर बोलले तर फुशारकी वाटेल, इथं लिहायला काय हरकत आहे?

बदली बाईसाठीच सुलामितानं प्रत्येक टॅब्लेटच्या पाठीला चिकटपट्टी लावून तिच्यावर पासवर्ड लिहिलाय. पाचही टॅब्लेटना एकच, गावच्या संताच्या सणाची तारीख. पट्टी नसती तरी गावातल्या शेंबड्या पोरानंही ओळखला असता.

५ जून, गुरुवार

नवं नाव मिळालं. दोना इरासेमाच्या पावाच्या भट्टीमागं एक खोली आहे, पूर्वी पिठाची पोती ठेवायची. तिथं तीन महिन्यांपासून एक बाई राहते आणि मला पत्ता नाही! दोना इरासेमा, जिच्या पोटात उकडलेलं कणीसही टिकत नाही, ती तीन महिने गप्प बसली. मी जरा चिडलेच.

बाईचं नाव रोझेलिया. सातवा महिना. पाय सुजलेले, एकदाही तपासणी नाही.

"माझं नाव नाही लिहिलं तर चालणार नाही का, दोना जेनिल्दा?" तिनं विचारलं.

"गरोदर बाईचं नाव लिहिलं नाही तर सुलामिता माझं नाव खोडेल," मी म्हटलं. "आरोग्याचं कार्ड आण."

कार्ड ती बराच वेळ आणेना. मग हळूहळू सांगू लागली. नवऱ्यानं दोनदा हात मोडलाय. तिसऱ्यांदा त्यानं पोटाकडे पाहून पाय उचलला, तेव्हा ती चपला न घालताच निघाली. नवऱ्याची बहीण तिकडच्या गावात दवाखान्याच्या खिडकीवर बसते, दिवसभर संगणकासमोर. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, आता तू आमच्या टेकडीवर आहेस. मग कार्ड घेऊन सगळं नीट भरलं. शेरा असा लिहिला: 'नवऱ्यापासून पळून आली आहे, भट्टीमागची खोली, दार गल्लीतून, संध्याकाळी एकटी असते. काळजी घेणे.'

"हे कुठं जातं?" तिनं विचारलं.

"टेकडीवर रेंज कुठली! शुक्रवारी दवाखान्यात गेले की तिथून वर चढतं. सध्या तीन आठवडे तिथलं नेट बंद आहे, तेरा तारखेला माणूस येतोय दुरुस्तीला. एकदा चढलं की काळजी नाही. देशातल्या कुठल्याही दवाखान्यात तुझं कार्ड घातलं की तू समोर हजर."

"कुठल्याही?"

"कुठल्याही," मी म्हटलं. माझंच काही कौतुक चालल्यासारखी मी हसत होते. तिनं कॉफीचा कप धुवायला घेतला आणि बराच वेळ धूत राहिली. लाजरी आहे.

११ जून, बुधवार

टॅब्लेट चोरीला गेला.

क्रमानं लिहिते. सकाळी आधी रोझेलियाकडे. तिनं दारातच पिशवी घेतली आणि आतल्या खिळ्याला टांगली. आमच्याकडे सगळे असंच करतात. पाहुण्याची पिशवी जमिनीवर राहिली तर पैसा पळून जातो म्हणतात, आणि पाहुण्यानं ती मांडीवर धरून ठेवली तर 'आम्ही काय चोर आहोत?' असं यजमानाला वाटतं. चौदा वर्षं माझी पिशवी एकशे बेचाळीस घरांच्या खिळ्यांवर टांगली गेली आहे. मी रक्तदाब घेतला, तो चढाच निघाला. कॉफी झाली. तिनं पुन्हा विचारलं, "ते माझं लिहिलेलं खोडता येईल का?" मी म्हटलं, खोडायला वरची परवानगी लागते, आणि आता परवाच तर नेट येतंय, कशाला घोर लावून घेतेस? तिनंच पिशवी आणून माझ्या खांद्याला लावली.

मग भट्टीत दोना इरासेमा, तिथं मी बसलेही नाही. मग सेउ आदेरबालांकडे. तिथं झाडू विकणारा आला. आजोबांनी त्याला आत बोलावलं, पाणी दिलं, मी एक झाडू घेतला. तो आत असताना पिशवी खुर्चीच्या पाठीला होती आणि मी आजोबांच्या डोळ्यांत थेंब घालत होते. पायऱ्या उतरून खाली आले, पिशवी उघडली, टॅब्लेट नाही.

पिशवी हलकी लागली नाही, कारण तळाशी मक्याच्या पिठाचं पाकीट होतं. रोझेलियानंच घातलं असणार. स्वतःच्या घरात खायचे वांधे आणि गुपचूप मला पीठ देते. त्या पाकिटाकडे बघून मला जास्तच रडू आलं.

माझा नवरा वाल्मिर मोटरसायकल घेऊन तीन वेळा टेकडीभोवती फिरून आला. झाडूवाला कुठं दिसला नाही.

"म्हातारे, यंत्रच आहे ना," तो म्हणाला. "सरकार दुसरं देईल."

यंत्राचं मला काय करायचंय! सेउ आदेरबालांची कुंडी त्यात आहे. रोझेलियाचं दार त्यात आहे.

१२ जून, गुरुवार

पोलिसांत लिहून दिलं. झाडूवाल्याचं वर्णन दिलं. मग सुलामिताकडे.

"कुणाला काही बोलू नकोस," ती म्हणाली. "लोक उगाच घाबरतील. त्याला पासवर्ड आहे."

"पासवर्ड पाठीवर आहे."

तिनं समोरचा दुसरा टॅब्लेट उलटा करून पाहिला.

"ती पट्टी कुणी लावली?"

"तुम्हीच, दोना सुलामिता. माझ्या हातात कात्री होती, पट्टी तुम्ही लावलीत."

मग तिनं उरलेल्या चारही टॅब्लेटच्या पट्ट्या नखानं खरवडून काढल्या आणि प्रत्येकाला वेगळा पासवर्ड ठेवला. बैल गेला अन् झोपा केला. तिचा चेहरा पाहून मला बोलवेना. मुख्य कार्यालयाला फोन लावला तर तिथला माणूस म्हणाला, टॅब्लेट कुणी नेटला जोडला तर तो लांबून पुसता येईल. नाही जोडला तर हातात काही नाही. आणि तीन आठवड्यांची माहिती वर चढलीच नव्हती, ती गेली. रोझेलियाची नोंदही त्यातच.

गप्प बसायचं असा हुकूम आहे. मी चौदा वर्षांत सुलामिताचा हुकूम मोडलेला नाही. पण उद्या कुणी निळं दार उघडून आत शिरला आणि आजोबांनी आवाजावरून विचारलं, "कोण, जेनिल्दा का?" तर? दिवसभर माझ्या डोक्यात तेवढंच चालू आहे.

१३ जून, शुक्रवार

संत आंतोनियोचा दिवस. सकाळीच सुलामिताकडे जाऊन म्हटलं, "मी दारोदार सांगणार आहे. नोकरी घ्यायची तर घ्या."

ती म्हणाली, "मी काही ऐकलं नाही." आणि पाठ फिरवून लसींची पेटी मोजायला लागली. सुलामिताचा होकार असाच असतो.

पहिले सेउ आदेरबाल. ते हसले. "माझी चावी पंधरा वर्षं त्याच कुंडीखाली आहे, पोरी. टेकडीवर कुणाला ठाऊक नाही?"

"मग तुम्हाला राग नाही आला?"

"टेकडीला ठाऊक आहे, कारण मी एकेकाला सांगितलंय. तू लिहून ठेवलंस ते मला आज कळतंय." ते अजून हसतच होते. मी खाली बघितलं. मग कुंडीखालची चावी काढून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घातली आणि खिशाला टाचणी लावली.

सगळे आजोबांसारखे नव्हते. वरच्या अंगाच्या एका बाईनं विचारलं, "माझ्या मुलीचं ते, तेही होतं?" मी हो म्हटलं. तिनं दार लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं, तिनं अगदी हळू लावलं. त्या घरात मी तिच्या मुलीला दोन महिने सोबत केली होती. मी कुणाच्या वाइटासाठी लिहिलं नाही, पण त्या दारासमोर हे वाक्य कुणाला सांगणार?

आज एकवीस घरं झाली.

१६ जून, सोमवार

एकसष्ट घरं. टेकडीवर आता चाव्यांची हलवाहलव चालू आहे. कुणी कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवतंय, कुणी गळ्यात. मला दिसलं की डोळे मिटून घेते. दोना इरासेमा म्हणते, "जेनिल्दा, तिकडे बघ, मी लपवतेय," आणि मी खरोखर तिकडे बघते. भट्टीतली बायामंडळी खो खो हसतात.

रोझेलियाकडे जायचं मी तीन दिवस टाळत होते. आज गेले. शब्द जुळवून गेले होते, पण दारात शिरताच सगळं एका दमात बोलून टाकलं. तुझं नाव, तुझी खोली, तू एकटी कधी असतेस, सगळं चोराच्या हातात आहे, मी तुझी अपराधी आहे.

तिनं मला बसवलं. पिशवी घेतली, खिळ्याला टांगली. मग विचारलं, "ते वर चढलं होतं का?"

"नाही. नेट यायच्या आधीच गेला."

"दुसरीकडे कुठं उतरवून ठेवलेलं?"

"नाही."

तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "देवाची कृपा." इतकी शांत बाई मी पाहिली नाही. मी तिचा जीव टांगणीला लावला आणि तीच माझं सांत्वन करत होती. "तो चोर ते वाचणार नाही, दोना जेनिल्दा," असंही म्हणाली. तुला काय ठाऊक, विचारलं, तर म्हणे, मला तसं वाटतं. माझा हात घेऊन तिनं पोटावर ठेवला. आत बाळ चांगलं लाथा मारत होतं. मी रडून घेतलं.

निघताना सांगितलं की घाबरू नकोस, पोलीस झाडूवाल्याच्या मागावर आहेत. एक-दोन दिवसांत सापडेल.

"झाडूवाला?" ती म्हणाली. "तो म्हातारा? निळी टोपीवाला?"

"तोच."

तिच्या हातातला कप बशीवर जोरात टेकला. उलटी होईल असा चेहरा झाला. सातव्या महिन्यात पित्त फार होतं. तिला आल्याचं पाणी घ्यायला सांगून आले.

१८ जून, बुधवार

झाडूवाला सापडला. बाजारात. पोलिसांनी त्याची गाडी उलटी केली, झाडू रस्त्यावर पसरले, लोकांनी ते तुडवले. टॅब्लेट मिळाला नाही. मला ओळख पटवायला बोलावलं.

तो बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसला होता. मला पाहून उठला, बाईमाणूस आलं म्हणून. "बाई," तो म्हणाला, "त्या आजोबांनी मला पाणी दिलं. ज्या घरात पाणी प्यालो तिथं मी चोरी करीन?"

मी म्हटलं, हा त्या घरात आला होता, यापलीकडे मला काही सांगता येणार नाही. पोलीस म्हणाला, तेवढं पुरे. संध्याकाळी सोडला त्याला, पण टेकडीवर पुन्हा पाय ठेवायचा नाही अशी ताकीद देऊन. येताना रोझेलियाला सांगितलं. ती दाराला टेकून उभी राहिली.

घरी तो झाडू कोपऱ्यात उभा आहे. मला त्यानं केर काढवेना. वाल्मिरनं काढला.

२० जून, शुक्रवार

नवा टॅब्लेट आला. रिकामा. जुन्या नोंदी वरून खाली उतरवता येतात, पण मी सुलामिताला म्हटलं, पत्ते आणि शेरे मी नव्यानं भरते. या वेळी विचारून.

"एकशे बेचाळीस घरं?"

"एकशे बेचाळीस."

आज सात झाली. सेउ आदेरबालांना विचारलं, तुमच्याबद्दल काय लिहू? त्यांनी घसा साफ केला, बसल्या जागी सरळ झाले आणि शब्द शब्द सांगितलं, "लिही. डोळे नाहीत. कान शाबूत. दार वाजवावं."

"चावीचं?"

"दार वाजवलं की मी उघडीन. जरा वेळ लागेल, तेही लिही."

तेवढंच लिहिलं. ज्या बाईनं दार हळू लावलं होतं, तिनं आज ते अर्धं उघडलं. मी टॅब्लेट तिच्या हातात दिला, तिचं तिनंच वाचलं. "माझ्या मुलीचं नाव आणि लसींच्या तारखा. बाकी काही नाही," ती म्हणाली. मी बाकी काही लिहिलं नाही. आत या असं ती म्हणाली नाही, पण दार बंद करायच्या आधी "सांभाळून उतर, पायऱ्या ओल्या आहेत" एवढं म्हणाली.

२३ जून, सोमवार

आज संत ज्वांवची शेकोटी. दुपारपासून प्रत्येक दारासमोर लाकडं रचलेली, सगळ्या टेकडीला मक्याच्या खिरीचा वास. मी रोझेलियासाठी वाडगाभर खीर घेऊन गेले.

तिनं वाडगा ठेवला. पिशवी घेतली नाही. फळीवरून पिठाचा मोठा डबा उतरवला, कोपरापर्यंत हात घातला आणि माझा टॅब्लेट काढून मांडीवर ठेवला. पिठानं पांढरा झाला होता.

मला आधी वाटलं, हिनं चोराला पकडलं.

"मीच," ती म्हणाली. "तुमच्या पिशवीतून काढला आणि पीठ घातलं, वजन कळू नये म्हणून. पहिल्या दिवसापासून बंद आहे. मी उघडलासुद्धा नाही. मला तुमची माहिती नको होती, दोना जेनिल्दा. मला माझी परत हवी होती."

मी ओरडले. खरंच ओरडले. "मी साठ-सत्तर दारं वाजवली! लोकांच्या शिव्या खाल्ल्या! त्या म्हाताऱ्याचे झाडू रस्त्यावर तुडवले गेले!"

"त्याच्यासाठीच आज काढला." ती रडत होती, पण आवाज पक्का होता. "त्याचं ऐकल्यापासून मला झोप नाही. मला पोलिसांकडे न्यायचं तर न्या. पण मी तुम्हाला दोनदा म्हटलं होतं, लिहू नका. मी म्हटलं होतं की माझ्या नवऱ्याची बहीण खिडकीवर बसते."

म्हटलं होतं. माझ्याच अक्षरात या वहीत आहे, पाच तारखेला. आणि खाली मी काय लिहिलंय? लाजरी आहे.

मी खाली बसले, जमिनीवर, पिशवी शेजारी जमिनीवर. तेरा दिवस मी चोराला भ्याले. तो वाचेल, तो निळं दार शोधेल, तो भट्टीमागं येईल. आणि मी स्वतः त्या शुक्रवारी नेट आलं असतं की एक बोट टेकवून तिला तिच्या नणंदेच्या संगणकावर पोचती करणार होते. वर काळजी घेणे असा शेरा लिहून. तिनं चोरला नसता तर तिचा नवरा एव्हाना पायऱ्या मोजत वर आला असता.

खीर गार झाली. मग दोघींनी ती एकाच वाडग्यातून खाल्ली.

२४ जून, मंगळवार

सकाळी टॅब्लेट सुलामितासमोर ठेवला. सगळं सांगितलं. तिनं मध्ये एकदाही टोकलं नाही. मग दार लावून तो नेटला न जोडता पुसून कोरा केला. कपाटातून माझ्या जुन्या वह्यांतली एक कोरी वही काढली, त्यात रोझेलियाचं तपासणीचं पान माझ्याकडून लिहून घेतलं, नावाच्या जागी फक्त महिना, आणि वही कुलपात ठेवली. किल्ली स्वतःच्या गळ्यात घातली.

"पोलिसांना काय सांगायचं?" तिनं विचारलं.

ते मी रात्रीच ठरवलं होतं. ठाण्यात जाऊन सांगितलं की टॅब्लेट माझ्याच घरात होता, पिठाच्या डब्यामागं पडला होता, माझीच चूक. पोलिसानं लेखणी खाली ठेवली. "काखेत कळसा अन् गावाला वळसा, बाई!" आणि आतल्या दोघांना बोलावून पुन्हा एकदा माझ्याकडून ते वदवून घेतलं. मग मी झाडूवाल्यावरची ताकीद माझ्यासमोर खोडायला लावली.

दुपारपर्यंत टेकडीभर झालं. ज्या जेनिल्दाला एकशे बेचाळीस घरांतली सुईसुद्धा ठाऊक, तिला स्वतःच्या स्वयंपाकघरातला टॅब्लेट सापडला नाही! दोना इरासेमानं भट्टीत सगळ्यांसमोर विचारलं, "जेनिल्दा, नवरा आहे ना जागेवर? बघून आलीस?" चौदा वर्षांची अब्रू एका दुपारी गेली. मला वाईट वाटलं, खोटं का बोलू? वाल्मिरनं काही विचारलं नाही. आमच्या घरात पिठाचा मोठा डबा नाही, हे त्याला माहीत आहे. माझ्याकडे बघून तो एवढंच म्हणाला, "म्हातारे, आपण एक डबा विकत घेऊ."

झाडूवाल्याला बाजारात शोधून माफी मागितली. त्यानं टोपी काढली, घातली, आणि म्हणाला, "चोर सोडून संन्याशाला फाशी, हे नेहमीचंच आहे, बाई. पण सांगायला येतं कोण?" मी त्याच्याकडून सहा झाडू घेतले. आता ते कुणाला देऊ?

२८ जून, शनिवार

संत पेद्रुची शेकोटी. आमच्याकडे रीत आहे, ज्यांना एकमेकींचं नातेवाईक व्हायचं असेल त्यांनी हातात हात घालून शेकोटीभोवती तीन फेऱ्या घ्यायच्या आणि संतांना साक्ष ठेवून बोलायचं. मग त्या जन्मभर कोमाद्री, सख्ख्या बहिणींहून पुढच्या. ते नातं मोडत नाही.

रोझेलियानंच विचारलं. पोट एवढं मोठं, तिला फेऱ्या घेताना धाप लागली, मी हळू चालले. सेउ आदेरबाल पायरीवर बसून मोजत होते, "एक झाली. दोन झाल्या. थांबा, ती दमलीय, मला ऐकू येतंय." दोना इरासेमा रडली आणि म्हणाली धूर गेला डोळ्यांत. तिसरी फेरी पुरी झाल्यावर रोझेलिया मला पहिल्यांदा दोना जेनिल्दा म्हणाली नाही. "कोमाद्री," म्हणाली, "बाळंतपणाला तू येशील ना?"

"तू बोलावलंस तर," मी म्हटलं.

"बोलावतेय."

२९ जून, रविवार

ही वही दुसरी आहे. काल शेकोटीला बसले असताना लक्षात आलं की टॅब्लेट कोरा झाला, पण माझ्या वहीत सगळं जसंच्या तसं आहे. खोली, गल्ली, नणंद. ती तर पलंगाखाली बिनकुलपाची पडलेली. आज दिवसभर बसून पानन् पान नव्यानं उतरवलं. जुनी वही चुलीत घातली, तिच्यावर मक्याच्या पिठाचा कुसकुस शिजला.

रोझेलिया हे तिचं नाव नाही. भट्टीमागं ती राहत नाही, आणि दोना इरासेमा पाव भाजत नाही. चौतिसाव्या पायरीला निळं दार नाही. जेनिल्दा हे माझंही नाव नाही. माझा मूर्खपणा तेवढा होता तसा ठेवलाय, तो कुणाचं गुपित नाही.

सकाळी तिच्याकडे गेले तेव्हा मी विचारलं आणि तिनं बाळाचं नाव सांगितलं. मुलगी झाली तर एक, मुलगा झाला तर एक. दोन्ही सुंदर आहेत. मी ती इथं लिहीत नाही.